व्यावसायिक रोड सायकलिंगमधील उत्तेजके, वाढता वेग आणि संशय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैमध्ये टूर द फ्रान्स पिरेनीज किंवा आल्प्सच्या घाटांत शिरली, की ठरावीक प्रश्नांचा ओघ सुरू होतो. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जो मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डोपिंग म्हणजे फक्त बंदी असलेले औषध घेणे एवढेच का?

नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होणारी प्रतिबंधित यादी प्रसिद्ध करते आणि त्या यादीत औषधांबरोबर पद्धतींचाही समावेश असतो. स्वतःचेच रक्त काढून साठवणे आणि शर्यतीच्या वेळी ते पुन्हा चढवणे, ही अशीच एक प्रतिबंधित पद्धत आहे. कामगिरी वाढण्याची शक्यता, आरोग्याला धोका आणि खिलाडूवृत्तीचा भंग या तीन निकषांपैकी दोन लागू पडत असतील, तर ती गोष्ट यादीत घालता येते.

याखेरीज नमुना देण्याचे टाळणे, नमुन्यात फेरफार करणे, औषधे पुरवणे आणि आपला ठावठिकाणा न कळवणे हेही गुन्हेच मानले जातात. चाचणीसाठी नोंदणी झालेल्या सायकलपटूला दररोज कोणत्या एका तासात आपण कुठे हमखास भेटू, हे आधी कळवावे लागते. १२ महिन्यांत अशा तीन चुका झाल्या, तर शरीरात काहीही न सापडता बंदी येऊ शकते. २००७ च्या टूरमध्ये पिवळी जर्सी, म्हणजे एकूण आघाडीची खूण, अंगावर असलेल्या मायकेल रासमुसेनला राबोबँक संघाने शर्यत चालू असतानाच घरी पाठवले, ते याच कारणाने. आपण मेक्सिकोत आहोत असे त्याने कळवले होते आणि प्रत्यक्षात तो इटलीत सराव करताना दिसला होता.

२. संशयाची सुई नेहमी सायकलिंगवरच का वळते? इतर खेळ काय धुतल्या तांदळासारखे आहेत का?

इतर खेळ स्वच्छ आहेत, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. मात्र सायकलिंगला आपला इतिहास पुसता येत नाही. १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मरण पावला. उष्णता, मद्य आणि ॲम्फेटामाइन यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९९८ मध्ये फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएत फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर औषधांनी भरलेल्या मोटारीसह पकडला गेला आणि संपूर्ण संघाला शर्यतीबाहेर काढावे लागले. २००६ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी डॉ. युफेमियानो फुएन्तेस यांच्या माद्रिदमधील ठिकाणांवर छापे टाकून रक्ताच्या पिशव्या जप्त केल्या, तेव्हा यान उलरिच आणि इव्हान बासो या आघाडीच्या सायकलपटूंना टूर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी माघारी जावे लागले. त्याच वर्षीचा विजेता फ्लॉइड लँडिस पुढे टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत दोषी ठरला.

दुसरे कारण शरीरशास्त्राचे आहे. तीन आठवडे रोज चार-पाच तास चालणाऱ्या शर्यतीत निकाल ठरतो तो स्नायूंना किती प्राणवायू मिळतो यावर, आणि नेमकी तीच गोष्ट औषधाने वाढवता येते. क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये कौशल्याचा वाटा मोठा असल्यामुळे हाच फायदा इतका थेट दिसत नाही.

३. ईपीओमुळे शरीरात नेमके काय होते?

ईपीओ, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा आदेश देते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचा रक्तक्षय बरा करण्यासाठी त्याचे कृत्रिम रूप १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले आणि फार वेळ न लागता ते पेलोटॉनमध्ये, म्हणजे शर्यतीतील सायकलपटूंच्या ताफ्यात, पोहोचले. तांबड्या पेशी वाढल्या की प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता वाढते. पण रक्त दाट होते आणि गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.

सुरुवातीला चाचणीच नव्हती. म्हणून सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, यूसीआयने, १९९७ मध्ये एक तडजोड केली: रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, पुरुषांमध्ये ५० टक्क्यांवर गेले तर ‘आरोग्याच्या कारणास्तव’ विश्रांती. माझ्या मते हा नियम गुन्ह्याला हद्द आखून देणारा ठरला, कारण ४९ टक्क्यांपर्यंत जायला एक प्रकारे मुभाच मिळाली. ५ जून १९९९ रोजी मादोन्ना दि काम्पिल्यो येथे इटलीचा सायकलपटू मार्को पँटानी याचा हिमॅटोक्रिट ५२ टक्के भरला आणि जिरो या इटलीतील मोठ्या शर्यतीचे विजेतेपद हातातोंडाशी आले असताना त्याला शर्यत सोडावी लागली. लघवीतून ईपीओ शोधण्याची फ्रेंच प्रयोगशाळेची पद्धत २००० मध्ये प्रसिद्ध झाली, तोपर्यंत एक अख्खे दशक निघून गेले होते.

४. आर्मस्ट्राँगने शेकडो चाचण्या दिल्या म्हणतात, मग तो सापडला कसा नाही?

अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग काही प्रमाणात सापडला होता. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड आढळले, पण खोगीरामुळे होणाऱ्या जखमांवरील मलमाची मागील तारखेची चिठ्ठी सादर झाली आणि प्रकरण मिटले. उरलेल्या चाचण्यांचे म्हणाल, तर चाचणीत न सापडणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. स्वतःचे रक्त चढवल्यास ते ओळखणारी थेट चाचणी तेव्हा नव्हती. ईपीओची छोटी मात्रा शिरेतून घेतली, तर ती काही तासांतच दिसेनाशी होत असे. आणि तपासनीस दाराशी आले, तर सलाइन लावून रक्त पातळ करता येत असे.

त्याला उघडे पाडले ते सहकाऱ्यांच्या साक्षींनी. लँडिसने २०१० मध्ये सर्व हकिगत लिहून कळवली आणि अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्णयात २६ जणांच्या साक्षी होत्या, त्यांत ११ माजी संघसहकारी होते. टूरची १९९९ ते २००५ अशी सात विजेतेपदे रद्द झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. फेस्टिनामध्ये सीमाशुल्क अधिकारी, माद्रिदमध्ये पोलीस (दोन्ही प्रश्न २ मध्ये) आणि येथे साक्षीदार, हा क्रम पाहिला, तर या खेळातली मोठी भांडी प्रयोगशाळेत फारशी फुटलेली नाहीत, हे लक्षात येते. पुढील सर्व उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

५. जैविक पासपोर्ट म्हणजे काय आणि त्यावरून शिक्षा कशी होते?

यूसीआयने २००८ पासून सुरू केलेल्या या पद्धतीत औषध शोधले जात नाही, औषधाचा परिणाम शोधला जातो. एकाच सायकलपटूच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे घेऊन हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, यांची नोंद ठेवली जाते. बाहेरून रक्त चढवले, की हिमोग्लोबिन वाढते आणि शरीर स्वतः पेशी बनवणे कमी करते, म्हणून रेटिक्युलोसाइट घटतात. ईपीओ चालू असताना याच्या उलट, त्या वाढलेल्या दिसतात. त्या व्यक्तीच्या आधीच्या नोंदींवरून संगणक पुढील नोंद कोणत्या मर्यादेत असावी हे ठरवतो. नोंद त्याबाहेर गेली, की सायकलपटूचे नाव न सांगता ती तज्ज्ञांकडे जाते आणि तीन तज्ज्ञांचे एकमत झाल्यावरच पुढील कारवाई होते.

ही पद्धत किती मागे जाऊ शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे हुआन होसे कोबो. २०११ ची व्हुएल्टा ही स्पेनची मोठी शर्यत त्याने क्रिस फ्रूमला अवघ्या १३ सेकंदांनी हरवून जिंकली होती. पासपोर्टमधील विसंगतींमुळे ते विजेतेपद २०१९ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, त्याच्याकडून काढून घेण्यात आले. उलट चेक प्रजासत्ताकाच्या रोमान क्रोयझिगरविरुद्धचे पासपोर्ट प्रकरण यूसीआय आणि वाडा यांनी जून २०१५ मध्ये, क्रीडा लवाद न्यायालयातील सुनावणीच्या तोंडावर, स्वतःहून मागे घेतले. आलेख वेडावाकडा असला म्हणजे अपराध सिद्ध झाला, असे होत नाही.

६. पासपोर्ट आल्यावर डोपिंग थांबले का?

थांबले नाही, त्याला लगाम बसला. हिमॅटोक्रिट ६० टक्क्यांच्या घरात नेण्याचे दिवस संपले, कारण इतकी मोठी उडी आता लपत नाही. परंतु थोड्या थोड्या मात्रेने, नोंदी मर्यादेत ठेवून फसवणूक करणे शक्य आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील सीफेल्ड येथे बर्फावरील जागतिक स्पर्धेच्या वेळी पडलेल्या पोलीस छाप्यांतून जर्मनीतील एअरफुर्टचा डॉक्टर मार्क श्मिट आणि त्याची रक्तपेढी उघडकीस आली. श्टेफान डेनिफ्ल आणि गेऑर्ग प्राइडलर या ऑस्ट्रियाच्या सायकलपटूंनी कबुली दिली. दोघेही पासपोर्टच्या देखरेखीखालच्या पेलोटॉनमध्ये धावत होते. छाप्यांना वाट करून दिली, तीही एका स्कीपटूच्या जाहीर कबुलीने.

७. आजचे सायकलपटू पँटानीपेक्षाही वेगाने घाट चढतात. मग ते स्वच्छ कसे असतील?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि तो मुळीच अडाणीपणाचा नाही. १४ जुलै २०२४ रोजी तादेय पोगाचरने प्लातो द बेय हा १५.८ किलोमीटर लांबीचा, सरासरी ७.९ टक्के चढाचा घाट सुमारे ४० मिनिटांत पार केला. १९९८ मध्ये पँटानीला त्याहून सुमारे साडेतीन मिनिटे जास्त लागली होती. १९९८ च्या टूरमधील पँटानीचे गोठवून ठेवलेले नमुने पुढे तपासले असता त्यांत ईपीओ आढळले होते, हे फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे. म्हणजे औषध घेतलेल्या माणसाचा विक्रम आज मोडला जातो, आणि तोही एका माणसाकडून नव्हे: त्या दिवशी दुसरा आलेला योनास विंगेगार्ड आणि तिसरा आलेला रेम्को एव्हेनेपूल हेही पँटानीच्या वेळेच्या आतच होते.

या आकडेवारीचे दोन्ही बाजूंनी अर्थ लावले जातात. संशय घेणारे म्हणतात, की एवढी सुधारणा अशक्य आहे. बचाव करणारे म्हणतात, की इतके जण एकदम वेगवान झाले आहेत, तर कारण सर्वांना उपलब्ध असलेल्या साधनांत असले पाहिजे. दुसरा युक्तिवाद मला पहिल्याइतकाच लंगडा वाटतो, कारण १९९० च्या दशकातही ‘सगळेच’ वेगवान झाले होते आणि सर्वांना उपलब्ध असलेले साधन तेव्हा ईपीओ होते. तुलना करताना शर्यत कशी झाली हेही पाहावे लागते. २०२४ मध्ये विंगेगार्डच्या संघाने घाटाच्या पायथ्यापासूनच वेग वाढवला होता आणि शिखर दहा किलोमीटरवर असताना खुद्द विंगेगार्डने हल्ला चढवला होता. कोणीही कोणाकडे पाहत रेंगाळले नाही. डावपेचांच्या दिवशी हाच घाट कितीतरी सावकाश चढला जातो. थोडक्यात, घड्याळाने संशय घ्यायला जागा मिळते, पुरावा मिळत नाही. वैध कारणांचा विचार पुढील प्रश्नात केला आहे.

८. औषधाशिवाय वेग इतका वाढण्याची कारणे कोणती?

सर्वांत मोठा बदल मला खाण्यात दिसतो. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदके ही व्यवहारातील मर्यादा समजली जात असे, कारण आतड्यातून ग्लुकोज शोषणारा मार्ग तेवढ्यावर भरून जातो. फ्रुक्टोज वेगळ्या मार्गाने शोषले जात असल्याने दोन्ही साखरा एकत्र दिल्या, तर अधिक ऊर्जा आत जाते, आणि पोटाला तसा सराव दिल्यास आजचे सायकलपटू तासाला १२० ग्रॅमपर्यंत मजल मारतात. पाच तासांच्या टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या घाटावर याचा परिणाम फार मोठा असतो. पूर्वी वजन कमी ठेवण्यासाठी उपाशीपोटी सराव करणे हे शूरपणाचे लक्षण मानले जाई; आज ते अज्ञान मानले जाते.

साधनांमध्ये रुंद आणि कमी दाबाचे ट्यूबलेस टायर, घट्ट बसणारे कपडे आणि हवेच्या बोगद्यात तपासलेली बैठक यांचा वाटा आहे. चढावर हवेचा अडथळा नसतोच, हा समज चुकीचा आहे: प्लातो द बेयवरचा वेग ताशी २३ ते २४ किलोमीटर होता आणि त्या वेगाला समोरचा वारा जाणवतोच. हवेशी झुंजण्याच्या कलेतील प्रगती मोजायची असेल, तर एक तासाचा विक्रम पाहावा. ब्रॅडली विगिन्सने २०१५ मध्ये ५४.५२६ किलोमीटर अंतर कापले आणि फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये ५६.७९२. सायकलच्या वजनाचे कारण मात्र फारसे टिकत नाही, कारण किमान ६.८ किलोची मर्यादा २००० पासून तशीच आहे. उंचावरील शिबिरे आणि उष्णतेतील सराव यांनी हिमोग्लोबिन वाढते. ते वैध आहे, पण त्याच वाढीच्या आडून दुसरे काही लपवता येते, हेही खरे.

९. प्रतिकिलो वॉटचे अंदाज कितपत विश्वसनीय असतात?

प्रतिकिलो वॉट म्हणजे स्वाराने आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे लावलेली शक्ती. तिचे अंदाज लांब, सलग आणि तीव्र चढावर, वारा शांत असेल तर, बऱ्यापैकी विश्वसनीय असतात. चढाची उंची आणि वेळ यांवरून दर तासाला किती मीटर उंची गाठली ते काढतात. प्लातो द बेयवर पोगाचरसाठी हा आकडा सुमारे १,८७० येतो आणि पँटानीसाठी सुमारे १,७२०. या मोजमापाला ‘व्हीएएम’ म्हणतात आणि ते रूढ केले मिकेले फेरारी यांनी, म्हणजे आर्मस्ट्राँगच्याच डॉक्टरांनी. संशयितांना मोजण्याची फूटपट्टी अशी संशयाच्या कारखान्यातूनच आलेली आहे.

व्हीएएमवरून वॉट काढताना मात्र गृहीतके वाढत जातात. स्वाराचे त्या दिवशीचे खरे वजन बाहेर कोणाला माहीत नसते, पाठून आलेला वारा आकडा फुगवतो, दुसऱ्याच्या आडोशाने चढलेला भाग वेगळा काढता येत नाही आणि घाटाची सुरुवात कुठून धरायची यावरही एकमत नसते. म्हणून अमुक वॉटच्या वर गेला म्हणजे औषध घेतलेच, अशी रेघ ओढणे शास्त्राला धरून नाही.

१०. पोगाचर किंवा विंगेगार्ड यांच्याविरुद्ध काही पुरावा आहे का?

दोघांपैकी कोणाचाही नमुना दोषी आढळल्याचे किंवा कोणाविरुद्ध उत्तेजकविषयक कारवाई झाल्याचे जाहीर झालेले नाही. लोकांना खटकते ती कामगिरी: विंगेगार्डने २०२३ मध्ये कोंब्लूच्या २२.४ किलोमीटरच्या वैयक्तिक वेळ शर्यतीत पोगाचरला १ मिनिट ३८ सेकंदांनी मागे टाकले. पोगाचरने २०२४ मध्ये जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद असे तिन्ही जिंकले, जे पुरुषांमध्ये आधी केवळ एडी मर्क्स आणि स्टीफन रोश यांना साधले होते.

आणखी एक आक्षेप माणसांबद्दल असतो. पोगाचरच्या संघाचे प्रमुख मौरो जानेत्ती हे २००८ मध्ये सौनिए डुव्हाल संघाचे प्रमुख होते, आणि त्या वर्षी टूरमध्ये त्यांचा सायकलपटू रिकार्दो रिक्को ईपीओच्या नव्या प्रकारासाठी दोषी आढळल्यावर संघाने शर्यत सोडली होती. ही नोंद विचारात घेण्याजोगी आहे आणि अशा व्यक्ती खेळात का टिकून राहतात हा प्रश्नही रास्त आहे. तरीही तिच्यावरून आजच्या स्वाराला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. प्रश्न ४ मधील अनुभव लक्षात घेता, काही दडलेले असेलच, तर ते साक्षी, छापे आणि पैशाच्या नोंदी यांतून बाहेर येण्याची शक्यता अधिक.

११. कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याचा प्रकार काय आहे?

या विषारी वायूची अगदी छोटी, मोजलेली मात्रा हुंगून शरीरातील एकूण हिमोग्लोबिन मोजता येते. उंचावरील शिबिराचा उपयोग झाला की नाही हे पाहण्याची ती जुनी प्रयोगशाळेतील पद्धत आहे. काही आघाडीचे संघ तिचा वापर करतात, हे जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पोगाचर व विंगेगार्ड या दोघांनीही मोजमापासाठी ती चाचणी केल्याचे मान्य केले. अडचण अशी, की हाच वायू वारंवार हुंगला, तर शरीराला प्राणवायूची टंचाई भासते आणि ते अधिक तांबड्या पेशी बनवू लागते. यूसीआयने १० फेब्रुवारी २०२५ पासून वैद्यकीय केंद्राबाहेर अशी उपकरणे बाळगण्यास बंदी घातली आणि केंद्रातही दुसऱ्या मोजणीआधी दोन आठवड्यांचे अंतर सक्तीचे केले. निदानाव्यतिरिक्त वापर २०२६ पासून वाडाच्या यादीतही आला आहे.

१२. ट्रामाडॉल, कॅफीन, कीटोन यांपैकी काय चालते?

ट्रामाडॉल या वेदनाशामकावर यूसीआयने १ मार्च २०१९ पासून शर्यतीत बंदी घातली. वाडाने ती २०२४ मध्ये आणली. मधल्या काळात नायरो किंताना २०२२ च्या टूरमधील सहाव्या स्थानाला मुकला, पण तेव्हा तो यूसीआयच्या वैद्यकीय नियमांचा भंग धरला गेल्याने त्याच्यावर खेळण्याची बंदी आली नाही. कॅफीन २००४ मध्ये यादीतून वगळले गेले; त्याच्या वापरावर केवळ लक्ष ठेवले जाते. कीटोन पेये प्रतिबंधित नाहीत. मात्र संघांची ‘एमपीसीसी’ ही स्वयंप्रेरित संघटना ती न वापरण्याचा सल्ला देते.

१३. उपचारासाठी मिळणारी सवलत ही पळवाट आहे का?

आजारी खेळाडूला प्रतिबंधित औषध परवानगीने घेता येते, याला टीयूई म्हणतात. बहुतेक परवानग्या साध्या कारणांच्या असतात. वाद झाला तो २०१६ मध्ये हॅकरांनी कागदपत्रे फोडल्यावर: विगिन्सने २०११ आणि २०१२ ची टूर आणि २०१३ ची जिरो यांच्या आधी परागकणांच्या ॲलर्जीसाठी ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन घेतले होते. हे स्टेरॉइड चरबी घटवून ताकद टिकवते, असे त्या काळातील काही सायकलपटूंनी उघड सांगितलेले आहे. ब्रिटिश संसदेच्या समितीने मार्च २०१८ मध्ये विगिन्सच्या टीम स्काय संघाने नैतिक मर्यादा ओलांडल्याचे म्हटले. विगिन्स आणि संघ दोघांनीही ते नाकारले, आणि नियम मोडल्याचे सिद्ध झाले नाही. २०२२ पासून शर्यतीच्या काळात अशी इंजेक्शने सरसकट प्रतिबंधित आहेत.

१४. फ्रूमच्या नमुन्यात दुप्पट साल्ब्युटामॉल असूनही तो कसा सुटला?

सप्टेंबर २०१७ मध्ये व्हुएल्टादरम्यान त्याच्या लघवीत प्रति मिलिलिटर २,००० नॅनोग्रॅम साल्ब्युटामॉल आढळले. मर्यादा १,००० आहे. दम्याचे हे औषध पूर्णपणे प्रतिबंधित नाही, ठरावीक मात्रेपर्यंत हुंगता येते, म्हणून तात्पुरते निलंबन सक्तीचे नव्हते, आणि चौकशी चालू असतानाच त्याने २०१८ ची जिरो जिंकली. शरीरातील पाणी कमी झाले, की लघवी दाट होते आणि आकडा फुगतो. ही दुरुस्ती केल्यावर आकडा सुमारे १,४२९ वर आला. मात्रा आणि लघवीतील आकडा यांचे नाते माणसागणिक, किंबहुना दिवसागणिक बदलते, हा बचाव विचारात घेऊन २ जुलै २०१८ रोजी प्रकरण बंद झाले. इटलीच्या दिएगो उलिसीला मात्र २०१४ मध्ये १,९२० च्या आकड्यासाठी नऊ महिन्यांची बंदी भोगावी लागली होती. ज्याच्या पाठीशी मोठे वकील आणि तज्ज्ञ त्याला न्याय वेगळा, अशी जी कुजबुज या दोन निकालांवरून होते, ती पूर्णपणे खोडून काढणे कठीण आहे.

१५. दूषित मांस खाल्ल्याचा बचाव खरा असू शकतो का?

असू शकतो, कारण काही देशांत जनावरांना क्लेनब्युटेरॉल हे खेळात प्रतिबंधित असलेले औषध बेकायदेशीरपणे दिले जाते. स्पेनच्या आल्बेर्तो कोंतादोरच्या २०१० च्या टूरमधील नमुन्यात ते प्रति मिलिलिटर ५० पिकोग्रॅम इतकेच, म्हणजे कामगिरीवर परिणाम करण्याच्या दृष्टीने नगण्य, सापडले होते. परंतु शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ते कुठून आले हे त्याला दाखवून द्यावे लागते. क्रीडा लवाद न्यायालयाला फेब्रुवारी २०१२ मध्ये मांसापेक्षा दूषित पूरक आहाराची शक्यता अधिक वाटली आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली.

१६. सायकलमध्ये मोटर लपवतात हे खरे का?

हो, असे सिद्ध झालेले आहे. जानेवारी २०१६ मध्ये झोल्डर येथील सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत बेल्जियमच्या फेमके व्हान डेन ड्रीशे हिच्या सायकलमध्ये मोटर सापडली आणि तिला सहा वर्षांची बंदी झाली. मोठ्या रोड शर्यतीत आजवर कोणीही असे पकडले गेलेले नाही. सायकली चुंबकीय उपकरणाने आणि क्ष-किरणांनी तपासल्या जातात.

१७. विजेतेपद काढून घेतल्यावर ते कोणाला मिळते?

एकच नियम दिसत नाही. लँडिसचे ऑस्कार परेरोला, कोंतादोरचे २०१० चे अँडी श्लेकला आणि कोबोचे फ्रूमला मिळाले. आर्मस्ट्राँगची सात वर्षे मात्र रिकामी ठेवली गेली, कारण त्याच्या मागे आलेल्यांपैकी अनेकांची नावे कुठल्या ना कुठल्या प्रकरणात होती. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ मध्ये ईपीओची कबुली दिली, पण तेव्हाची आठ वर्षांची कालमर्यादा उलटून गेल्यामुळे तो यादीत कायम आहे. आता ही मर्यादा दहा वर्षांची आहे.

१८. आम्ही हौशी सायकलपटू. हे नियम आम्हाला लागू होतात का? खोकल्याचे औषध घेतले तर?

महासंघाच्या परवान्यावर किंवा मान्यताप्राप्त शर्यतीत उतरणाऱ्याला लागू होतात. जानेवारी २०२६ मध्ये यूसीआय श्रेणीची पुणे ग्रँड टूर झाल्यापासून हा प्रश्न आपल्याकडून अधिक येतो. भारतात चाचण्यांची जबाबदारी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, ‘नाडा’ची आहे.

प्रत्यक्षात धोका ईपीओपेक्षा घरातल्या औषधांच्या डब्यात अधिक असतो. साल्ब्युटामॉलचा पंप २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत चालतो. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप चालत नाही. आपल्याकडे खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असते आणि ते शर्यत असो वा नसो, कायम प्रतिबंधित आहे. व्यायामशाळेतून मिळणारी पावडर किंवा घटक न छापलेले चूर्ण यांतून काही शरीरात गेले, तर ‘मला माहीत नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. कारण प्रश्न १५ मध्ये दिले आहे. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच आपण स्पर्धेत उतरतो हे सांगावे आणि औषधाच्या नावापेक्षा घटकांची नावे यादीशी पडताळून पाहावीत.